बोल लागत नाहीये

"हे बघ, परत तेच," असं म्हणून त्रिशलावहिनीनं की-बोर्ड माझ्याकडं सरकवला.

काळ्या पडद्यावर तिनं 'बोल' असं इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबलं होतं आणि त्याच्याखाली मशीननं एका ओळीत उत्तर दिलं होतं : कमांड नॉट फाउंड. ती एकच ओळ नव्हती. सकाळपासून तिनं तेच इतक्या वेळा करून पाहिलं होतं, की सगळा पडदा त्या दोन ओळींनी वरपासून खालपर्यंत भरून गेला होता.

"माझं स्पेलिंग चुकतंय का गं?"

"नाही वहिनी. बरोबर आहे."

"मग काय म्हणतंय ते?"

"या नावाचा प्रोग्रॅम सापडत नाही म्हणतंय."

"असा कसा सापडत नाही? रोज सकाळी मी एवढंच करते. बोल, एंटर. याच्यापलीकडं मला त्यातलं काही येत नाही." तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला, कारण पलंगावर श्रेणिकदादा डोळे उघडे ठेवून आमच्याकडं बघत होता.

श्रेणिकदादा माझा मावसभाऊ. कॉम्प्युटर म्हणजे काय हे मला त्यानंच शिकवलं. मी पुढं कोल्हापूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायच्या नोकरीला लागले, तीही त्याच्याच जोरावर. तो पुण्यात मोठ्या पगारावर प्रोग्रॅम लिहायचा. मग त्याच्या हातातून कप निसटायला लागले. मग जिना चढताना पाय अडखळायला लागला. शरीराच्या स्नायूंना मेंदूचा निरोप पोचेनासा होतो आणि ते एकेक करून मरत जातात, असा तो आजार. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं. निदान झाल्यावर तो आणि वहिनी सगळं आवरून सांगलीला, विश्रामबागेतल्या घरी मावशीजवळ राहायला आले.

जीभ जड व्हायला लागली तेव्हा त्याची दोन बोटं अजून चालत होती. त्या दोन बोटांनी त्यानं स्वतःसाठी हा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर बाराखडी सरकत राहायची. त्याच्या गालाशी एक छोटं बटण चिकटवलेलं असायचं. हवं ते अक्षर आलं, की तो गालाचा स्नायू जरासा हलवून ते दाबायचा. अक्षरं जमून वाक्य झालं, की कॉम्प्युटर ते मोठ्यानं म्हणायचा. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता, पण बोलायचा तो श्रेणिकदादाच. मावशीला आधी त्या आवाजाची भीती वाटायची. मग ती त्याच्याशी भांडायलाही लागली.

मी आदल्या आठवड्यात तिथं गेले होते तेव्हा सगळं ठीक होतं. नंतर कॉम्प्युटर बंद पडला. वहिनीनं तो दुकानात नेला. दुकानदारानं नवा दिला, जुन्यातलं सगळं त्यात घातलं म्हणाला. घरी आणून वहिनीनं 'बोल' टाइप केलं आणि ही ओळ आली. दुकानदार म्हणाला, ज्यांनी प्रोग्रॅम बनवला त्यांना विचारा. ज्यानं बनवला त्याला विचारायला तोच प्रोग्रॅम लागत होता.

नेमकं याच दिवसांत त्याचा श्वास ढासळला. नाकावरच्या मास्कनं भागेना. रक्तात वाईट हवा साठत चालली होती आणि त्यामुळं तो सारखा पेंगत होता. त्या सकाळी डॉक्टर हिरेमठ येऊन गेले. मी पोचले तेव्हा ते दारात चपला घालत होते. मला ते ओळखत होते. मला अंगणात घेऊन म्हणाले, "गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आणि श्वासाचं मशीन लावायचं, हा एक रस्ता. तो घ्यायचा तर आजच हॉस्पिटलला हलवायला लागेल. नाहीतर आहे तसं, त्रास होऊ न देता शांतपणे जाऊ द्यायचं. शुद्ध आहे तोवर त्यांनाच विचारून घ्या. मी संध्याकाळी येतो."

त्याचं उत्तर मला माहीत होतं, असं मला वाटत होतं. वर्षभरापूर्वी त्यानंच बोलमधून आम्हाला बजावून ठेवलं होतं : मशीनवर जगवू नका. मी, वहिनी आणि डॉक्टर, तिघांनी ते ऐकलं होतं. मावशी तेव्हा देवळात गेली होती. आल्यावर तिला सांगितलं, तर तिनं कानावर हात ठेवले.

"मी त्याला विचारलं सकाळी," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "नळी नको ना, असं विचारलं. त्यानं डोळे मिटले."

लांब डोळे मिटले की हो, बुबुळं वर नेली की नाही, अशी त्यांची खूण होती.

मावशी पायथ्याशी स्टुलावर बसली होती. तिनं तिथूनच ऐकलं. "डोळं मिटलं म्हणजे काय झालं? सकाळपासनं ते दर घटकेला डोळं मिटतंय. झोप येतीय त्याला. तेवढ्यावर तू माझ्या पोराचा निकाल लावणार होय?"

"आई, मी निकाल लावत नाही. त्यानंच—"

"मला त्याच्या तोंडनं ऐकू दे. ते मशीन बोलू दे. मग तो म्हणंल तसं."

मी पलंगाजवळ गेले. त्याच्या हातावर हात ठेवला. हाडं आणि त्यावर ओढलेली कातडी. "दादा, मी आलेय. नळी हवी का तुला?"

त्यानं डोळे मिटले नाहीत, वरही नेले नाहीत. माझ्यावरनं नजर काढून त्यानं कॉम्प्युटरकडं नेली आणि तिथंच ठेवली.

"बघितलंस?" मावशी म्हणाली. "त्याला बोलायचंय."

खरं सांगायचं तर मी कामाला लागले ती मावशीसाठी. त्यानं नको म्हणायचं, तिनं ऐकायचं, आणि मग वहिनीवरचं ओझं उतरायचं. माझ्या मनात एवढंच होतं.

कॉम्प्युटर प्रोग्रॅम शोधतो तेव्हा सगळं घर पालथं घालत नाही. त्याला ठरावीक जागा सांगून ठेवलेल्या असतात, तेवढ्याच तो बघतो. वस्तू शेजारच्या खोलीत असली तरी सापडत नाही म्हणतो. मला वाटलं, तसंच असणार. पाच मिनिटांचं काम. मी मशीनला सगळीकडं शोधायला लावलं, कानाकोपऱ्यात. 'बोल' नावाचं काही म्हणजे काहीच मिळालं नाही.

मग लक्षात आलं. 'बोल' हे त्या प्रोग्रॅमचं खरं नाव नव्हतंच. ते लाडाचं नाव. वहिनीला सोपं पडावं म्हणून त्यानं एका लपवलेल्या फायलीत लिहून ठेवलं असणार, की बोल म्हटलं म्हणजे अमुक अमुक चालू कर. दुकानदारानं दिसतात तेवढ्या फायली नव्या मशीनवर आणल्या होत्या. लपवलेल्या तिथंच राहिल्या.

मी दुकानदाराला फोन लावला. "जुनी डिस्क आहे का हो तुमच्याकडं?"

"ती पुसून दिली मॅडम गिऱ्हाइकाला. तुमचा डेटा सगळा टाकलाय की. एक फोटो जरी गेला असंल तर सांगा."

फोटो एकही गेला नव्हता.

"काय म्हणाला?" वहिनीनं विचारलं.

"प्रोग्रॅम इथंच आहे वहिनी. नक्की आहे. फक्त त्याचं नाव काय ते कळत नाही."

"म्हणजे आहे की नाही?"

"आहे. हाक कुठल्या नावानं मारायची ते माहीत नाही."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी परत पडद्याकडं वळले. श्रेणिकदादाच्या फोल्डरमध्ये शेकड्यांनी फायली होत्या. ऑफिसच्या, शिकतानाच्या, अर्धवट सोडलेल्या. बोलणारा प्रोग्रॅम त्यानं एकदाच लिहिला नव्हता. करून पाहिलं, मोडलं, परत केलं, असे कितीतरी होते. एक मी चालवला, तो नुसतं इंग्रजी बोलला. दुसरा सुरू होऊन तिथंच गोठला. तिसऱ्यानं आणखी कशाचं तरी नाव घेऊन ते सापडत नाही म्हणून रडगाणं लावलं. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. मागं मास्कच्या मशीनचा फुसफुस आवाज चालला होता आणि त्याला मध्येच खंड पडला, की आम्ही तिघीही माना वळवत होतो.

"त्यालाच विचारू या," मी म्हणाले. "तक्ता कुठाय?"

वीज गेली की वापरायला वहिनीनं पुठ्ठ्यावर बाराखडीचा तक्ता केला होता. म्हणजे नुसती व्यंजनं. काना-मात्रा, अनुस्वार काही नाही. ते धरायला बसलं तर त्याचा जीव जायचा, म्हणून अक्षरं मिळाली की बाकीचं आपण ओळखायचं. ओळी म्हणत जायचं, त्यानं डोळे मिटले की त्या ओळीतली अक्षरं म्हणायची.

मावशीनं त्याच्या तोंडावरनं ओला रुमाल फिरवला. त्यानं डोळे उघडले.

"दादा, प्रोग्रॅमचं नाव काय ठेवलंयस? फायलीचं नाव. कळलं ना?"

डोळे मिटले. लांब. हो.

वहिनीनं तक्ता धरला. "क ची ओळ?"

डोळे मिटले.

"क?"

परत मिटले.

"क. पुढं. क ची? च ची? ट ची?" मिटले. "ट?" मिटले.

"क, ट," मी म्हणाले. "पुढं, दादा."

त्याची पापणी जड होऊन खाली आली आणि उचलेना. मास्कमधला श्वास घरघरला. वहिनीनं त्याचं डोकं जरा वर घेतलं, मावशीनं पाठ चोळली. थोड्या वेळानं घरघर कमी झाली. पण डोळे मिटलेलेच.

वहिनी तक्ता मांडीवर ठेवून बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"कंटाळा," ती म्हणाली.

"काय?"

"क, ट. कंटाळा म्हणतोय तो. तुझ्या फायलीचं नाव नाही सांगत. कंटाळा आला म्हणतोय." तिनं ओठ दाबले. "आई, आता तरी ऐका त्याचं. किती दिवस ताणायचं?"

"गप बस," मावशी ओरडली. "दोन अक्षरं काय दिसली, आख्खं वाक्य तूच जुळवलंस. कंटाळला असंल तर तू कंटाळली असशील."

मावशीलाही आपण काय बोललो ते कळलं असावं. तिनं रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. वहिनी उठून खिडकीशी गेली.

आणि मी बघितलं, श्रेणिकदादाचे डोळे उघडले होते. बुबुळं वर गेली होती. पार वर, नुसतं पांढरं दिसेपर्यंत. नाही.

"वहिनी, तो नाही म्हणतोय. कंटाळा नाही." मी तक्ता उचलला. "दादा, पहिल्यापासनं. क. ट. बरोबर? पुढं?"

मी ओळी म्हणत गेले. परत ट च्या ओळीवर त्यानं डोळे मिटले. परत ट वरच.

"दोनदा ट? चुकून तर नाही ना?"

वर. नाही. चुकून नाही.

"क, ट, ट," मी मोठ्यानं म्हणून पाहिलं.

"कट्टा," मावशी म्हणाली. "कट्टा म्हणतंय. दुसरं काय असणार? रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसायचा त्या पोरांच्यात. ताट वाढून मी बसायची, ह्याच्या गप्पा संपतील तर शपथ."

त्यानं डोळे मिटले. असे लांब मिटले, की मला वाटलं आता उघडतच नाहीत.

कट्टा नावाची फाईल होती. मी तिच्यावरनं कितीदा तरी पुढं गेले होते. मित्रांबरोबरचा काहीतरी जुना खेळ असेल असं समजून मी ती उघडलीही नव्हती. आता चालवली. सुरू होता होता थांबली. मराठी बोलणारा भाग नव्या मशीनवर नव्हता. तो इंटरनेटवरनं आणायचा होता. मी माझा मोबाइल जोडला. खोलीत इंटरनेटची रेंज येत नव्हती, म्हणून तो खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला. पडद्यावर आकडा सरकत होता, थांबत होता, सरकत होता. वहिनी त्या आकड्याकडं बघत उभी होती.

फाटक वाजलं. डॉक्टर हिरेमठ आले होते. त्यांनी नाडी बघितली, बोटाला चिमटा लावून प्राणवायूचा आकडा बघितला.

तेवढ्यात आणायचं ते आलं. मी दादानं पूर्वी लिहिली असेल तशीच एक ओळ नव्या मशीनमध्ये लिहिली : बोल म्हटलं की कट्टा चालू कर. मग उठले.

"वहिनी, तूच टाइप कर."

तिनं पुढं होऊन तीन अक्षरं टाइप केली आणि एंटर दाबलं. काळा पडदा गेला. मोठी, निळी बाराखडी समोर आली आणि डावीकडनं उजवीकडं सरकायला लागली.

मावशीनं हात जोडले. मी त्याच्या गालाशी बटण चिकटवलं. गाल इतका आत गेला होता, की ते टेकेना. दोन-तीनदा हलवून बसवावं लागलं. मग तो हलला. गालावर पाण्यावर उठते तशी बारीकशी लाट.

पहिलं वाक्य लागायला बराच वेळ गेला. मग तो पत्र्याचा आवाज आला. "चंदे, उशीर केलास."

माझ्या नावाची ती हाक ऐकून मला हसू आलं आणि रडूही. डॉक्टरसुद्धा हसले. मावशी तर आवाज ऐकून पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली.

डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली. ते त्याच्या डोळ्यांसमोर येतील असे बसले. "श्रेणिक, तुम्हाला सगळी कल्पना आहे. मी आडपडदा ठेवत नाही. नळी घातली नाही तर फार दिवस नाहीत. घातली तर किती ते मी सांगू शकत नाही, पण मशीन मग सुटणार नाही. बोलण्याची अडचण नाही, ते तुमचं हे चालू राहील. गाल हलतोय तोवर. काय करायचं ते तुम्ही सांगा. घाई करू नका."

अक्षरं सरकू लागली. आम्ही सगळे पडद्याकडं बघत होतो. मावशीचा चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. तिला दिसत नव्हतं, ती नुसती कान देऊन बसली होती.

ओळी सरकल्या, थांबल्या, परत सरकल्या. एक अक्षर वर चढलं.

न.

झालं, मी मनात म्हणाले. वहिनी माझ्या शेजारी उभी होती. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. तिनं एक लांब श्वास सोडलेला मला जाणवला. आता मावशीला सावरायचं, एवढंच राहिलं, असा विचार करून मी मावशीकडं सरकलेसुद्धा.

अक्षरं चाललीच होती. दुसरं अक्षर चढलं. ळ. मग त्याची वेलांटी. मग घ आणि त्याचा काना. ल आणि त्याचा काना. गाल दर वेळी हलत होता आणि दर वेळी वाटत होतं, आता याच्याच्यानं व्हायचं नाही.

"नळी घाला," कॉम्प्युटर म्हणाला.

मावशी ओरडलीच. स्टुलावरनं उठून तिनं त्याचे पाय धरले. स्वतःच्या मुलाचे पाय. मी तिला धरायला वाकले. डॉक्टरांनी माझ्याकडं आणि वहिनीकडं बघितलं, मग त्याच्याकडं वळले.

"श्रेणिक, मला परत विचारायला हवं. मागं तुम्ही आम्हाला वेगळं सांगितलं होतं. मशीन नको म्हणाला होतात."

पुन्हा बाराखडी सरकायला लागली. या वेळी फार वेळ लागला. दोनदा त्याची पापणी पडली, दोनदा डॉक्टरांनी त्याला हाक मारून जागं केलं. शेवटी आवाज आला.

"तेव्हा मरण लांब होतं."

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा अजून उजेड होता. स्ट्रेचरवर घेताना गालावरचं बटण काढावं लागलं. मावशी त्याच्याबरोबर आत बसली, तिला कुणी नाही म्हणू शकलं नाही. वहिनी कपड्यांची पिशवी भरायला आत गेली ती बराच वेळ आली नाही. मी बघायला गेले तेव्हा ती कपाटासमोर उभी होती. कपाट उघडं होतं आणि तिच्या हातात काही नव्हतं. मीच चादरी, टॉवेल, दोन सदरे पिशवीत भरले.

त्यानंतर श्रेणिकदादा वर्षभराहून जरा जास्त जगला. गळ्यात नळी, उशाशी मशीन. नळीत कफ साठला की तो काढायला लागायचा, दिवसातनं कितीदा तरी. ते वहिनी करायची. ती शाळेत शिकवायची, ती नोकरी तिनं सोडली. मी सुट्टी मिळेल तशी जात राहिले. तो माझ्याशी बोलायचा, चेष्टा करायचा, माझ्या कॉलेजातल्या मशीनच्या अडचणी सोडवून द्यायचा. मग गाल हलेना. मी बटण भुवईवर लावलं. भुवई चालेना तेव्हा कपाळावर. एके दिवशी कपाळही हललं नाही. प्रोग्रॅम नीट चालू होता, अक्षरं सरकत होती, आणि ती थांबवायला कुणी नव्हतं. पुढं फुप्फुसात संसर्ग होऊन ताप चढला आणि एका दुपारी तो गेला.

मी मनाशी एक हिशेब करून मोकळी झाले होते. त्या दिवशी नाव सापडलं नसतं, तर आम्ही त्याला त्याच्या इच्छेविरुद्ध जाऊ दिलं असतं. आणि तेही त्याच्याच इच्छेचा मान राखतोय असं समजून. आपल्या हातनं हे एक चांगलं झालं, असं मी समजत होते. चारचौघांत सांगतही होते.

मागच्या वर्षी वहिनीकडं गेले होते. ती आता जयसिंगपूरला असते, पुन्हा शाळेत शिकवते. मावशी जाऊनही आता बराच काळ झाला. आम्ही दोघी मागच्या पायरीवर मटार सोलत बसलो होतो. कशावरनं तरी त्या दिवसाचा विषय निघाला. मी नेहमीसारखं सांगायला लागले, कट्ट्याचं, मावशीनं नाव कसं ओळखलं त्याचं. वहिनी ऐकत होती. मग म्हणाली, "तो 'न' आला ना पडद्यावर, तेव्हा मला काय वाटलं माहितीये?"

"काय?"

"सुटले."

मी हात थांबवले.

"तो सुटला, असं नाही. मी सुटले. असं सरळ मनात आलं. कधी नव्हे इतकं हलकं वाटलं मला. आणि मग पुढचं अक्षर आलं."

"वहिनी, असं कुणालाही—"

"ऐक तरी. ते वाक्य झालं, आवाज आला, तेव्हा तू आईंना धरायला गेली होतीस. डॉक्टर त्याच्या मशीनकडं बघत होते. तो माझ्याकडं बघत होता. माझ्या तोंडावर काय होतं ते मला माहीत नाही. मला आरसा कुठं होता? पण त्यानं ते बघितलं."

"तो काही म्हणाला?"

"नाही. कधीच नाही." तिनं एक शेंग उचलली, मोडली, दाणे ताटात टाकले. "घरी आल्यावर त्यानं माझ्याकडं काही मागितलं नाही. तहान लागली, कूस बदलायचीय, डास चावतोय, काही असू दे, आईंना हाक मारायचा. आईंच्यानं कुठं होत होतं? त्या मला हाक मारायच्या, मग मी करायची. मी समोर उभी असले तरी 'आई' असंच लावायचा."

"तू बोलली नाहीस त्याच्याशी कधी यावर?"

"रोज ठरवायची. काय सांगणार होते? की तू बघितलंस ते खोटं होतं? ते खोटं नव्हतं. आणि खरं होतं म्हणून सांगितलं असतं, तर त्यानं ऐकून जायचं कुठं? उठून बाहेर तर जाता येत नव्हतं त्याला." तिनं ताट जवळ ओढलं. "नंतर नंतर मला ते सगळं करणं नकोसं वाटत नव्हतं गं. सवय झाली होती. मशीनचा आवाज थांबला तेव्हा मला झोप येईना. हे तरी सांगायचं होतं त्याला. तेही राहिलं."

आतनं कुकरची शिट्टी झाली. ती उठली नाही.

"कफ काढला, अंग पुसलं, चादर बदलली, की तो एक वाक्य लावायचा. 'त्रास दिला.' रोज. शेवटी शेवटी एक अक्षर लावायला त्याला किती वेळ लागायचा ते तुला माहीतच आहे. घाम यायचा कपाळावर. मी म्हणायची, राहू दे रे, नको लावूस, कळलं मला. तरी लावायचा. सगळी अक्षरं, काना-वेलांटीसकट. आणि तो आवाज येईपर्यंत मला तिथं उभं राहायला लागायचं."